मी 'कन्सोल' म्हटलं, काकू

मी कन्सोल बोलतोय. थांबा, लगेच पोरांच्या व्हिडिओ गेमचं खोकं डोळ्यांपुढे आणू नका. ते माझ्या नावाचं दुसरं कुणीतरी आहे. मी क्रियापद आहे, इंग्रजीतलं. कुणाचं माणूस गेलं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाची वर्षभराची मेहनत वाया गेली, की त्याच्याजवळ जाऊन त्याचं दुःख जरा हलकं करायचं, या कामासाठी इंग्रजीत मला वापरतात. शब्दकोशात माझ्यापुढे 'सांत्वन करणे' असं छापलेलं असतं. बहुतेक लोक तेवढं वाचतात आणि पान उलटतात.

शब्दाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. फाटक्या छत्रीला असतं, तुटक्या खुर्चीला असतं, मग मला का नसावं? छत्री निदान माळ्यावर तरी पडून राहते. शब्द कुणी उच्चारलाच नाही, तर तो त्या वेळात कुठं राहतो, हे मलाही धड सांगता येत नाही. पण राहतो खरा, आणि वाट बघत राहतो.

माझा जन्म रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतला. तिथं 'सोलारी' म्हणजे दुःख शांत करणं. त्याला पुढून 'कॉन' जोडलं आणि मी झालो. हा 'कॉन' कशासाठी, यावर जाणत्यांची दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याचा अर्थ 'सोबत'. काही म्हणतात, नुसता जोर द्यायला लावलाय. स्वतःच्या जन्माबद्दल दोन मतं असणं कुणालाही बरं वाटत नाही, पण मी पहिलंच धरून चाललोय. माझ्या अंगात थोडी सोबत असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ते रोमन लोक दुःखात असलेल्या माणसाला लांबलचक पत्रं लिहायचे. विद्वत्तेची पत्रं, उपदेशाची पत्रं. ती वाचून कुणाचे डोळे कोरडे झाले, देव जाणे. पुढं मी फ्रेंचांकडं वाढलो आणि तिथून समुद्र ओलांडून इंग्लंडात गेलो. माझी बहीण कन्सोलेशन तिथं कितीतरी आधीच जाऊन स्थिरस्थावर झाली होती, त्यामुळं मला फारसा त्रास पडला नाही.

आता त्या माझ्या नावाच्या दुसऱ्याबद्दल सांगतो, कारण पुढं त्याच्यामुळंच घोटाळा झाला. तोही फ्रेंचांकडचाच. भिंतीतून पुढं आलेला, फळी तोलून धरणारा जो लाकडी टेकू असतो, त्याला ते कन्सोल म्हणत. पूर्वी अशा टेकूंवर माणसाची आकृती कोरत आणि तिला 'सांत्वन करणारा' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं असावं, असं एक मत आहे. खरं असेल तर आम्ही सख्खे भाऊ. नसेल तर नुसते नावबंधू. त्या टेकूचं पुढं टेबल झालं, टेबलावर काटे आणि बटणं आली, आणि हा पठ्ठ्या विमानात, गिरणीत, वीज केंद्रात, जिथं जाईल तिथं नोकरीला लागला. मी राहिलो शब्दकोशात.

नाशकात मी आलो देवळालीच्या छावणीतून. गोरे शिपाई तिथं मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हानं आणि घरच्या आठवणीनं त्यातल्या काहींचं डोकं फिरे. वेड लागलेल्या माणसाला इंग्रज अजूनही 'डूलाली' म्हणतात, ते आपल्या देवळालीवरूनच. म्हणजे देवाणघेवाण झाली म्हणायची. नाशकानं इंग्रजीला वेड दिलं आणि इंग्रजीनं नाशकाला मला दिलं. शिपाई गेले. मी मागं राहिलो, आणि घरची ओढ कशी असते ते त्यांच्याकडूनच शिकलो.

पण इथं माझं कुणी फारसं ऐकलं नाही. शाळेत 'वाक्यात उपयोग करा' म्हणून मला फळ्यावर लिहीत आणि तास संपला की पुसून टाकत. माझी बहीण निदान प्रमाणपत्रावर आली. वक्तृत्व स्पर्धेत चौथ्या-पाचव्याला जे बक्षीस देतात, त्याला इंग्रजीत कन्सोलेशन प्राइज म्हणतात. मराठीनं त्याचं केलं 'उत्तेजनार्थ'! म्हणजे हरलेल्याला जवळ घ्यायचं सोडून, पुढच्या वर्षी परत ये म्हणून पाठीत रट्टा. बहीण अजून त्याबद्दल कुरकुरते.

तसं मराठीला माझी गरजही नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. इथं लोक समजूत काढतात, धीर देतात, डोळे पुसतात, पाठीवरून हात फिरवतात. नाशकाच्या गावांकडं तर माणूस गेलं की 'दारावर बसायला' जातात. जायचं, चपला काढायच्या आणि बसायचं. या सगळ्यांत हात आहे, पाठ आहे, डोळे आहेत. माझ्यात नुसता उच्चार. थोरले सांत्वनराव आहेत, पण ते वर्तमानपत्रात राहतात आणि पुढाऱ्यांच्या गाडीतून येतात.

आणि मला पुरतं झाकून टाकलं ते कॅन्सलनं. तोही लॅटिनमधलाच, जाळीसारखी काट मारण्यावरून जन्मलेला. पण त्याचं नशीब बघा. गाडी कॅन्सल, सुट्टी कॅन्सल, ऑर्डर कॅन्सल, ट्रीप कॅन्सल. नाशिकरोड स्टेशनवरच्या हमालापासून भाजी बाजारातल्या आजीबाईपर्यंत कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. तो इथल्या घरांत पार चुलीपर्यंत गेलाय. मला त्याचा फार हेवा वाटायचा. मलाही कुठल्यातरी घरात तसंच राहायचं होतं. अर्थ न विचारता आत घेतील असं एक घर मला हवं होतं.

असं एक घर मला मिळता मिळता काय झालं, ते सांगतो.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रापासून जवळच एका कॉलनीत नवनाथ नावाचे गृहस्थ राहत. केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होते. काट्यांवर आणि दिव्यांवर नजर ठेवत बसायचं, हे त्यांचं काम. ज्या टेबलाशी बसायचं ते कन्सोल, म्हणजे माझा तो नावबंधू. "आज दिवसभर कन्सोलला होतो, मान उचलली नाही," असं ते घरी आल्यावर म्हणत. त्यांच्या बायको विमलाबाई यांनी ते टेबल कधी पाहिलं नव्हतं. पण नवऱ्याला जेवायलासुद्धा धड उठू न देणारं काहीतरी मोठं, रागीट टेबल आहे, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं.

त्यांना एकच मुलगी, अंजली. नाशिकरोडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची. दिवाळीनंतर तिचा साखरपुडा झाला. मुलगा चांदवडचा, सुयश, तिथल्या शाळेत गणित शिकवणारा. त्याची आई भागुबाई नवऱ्यामागं दोन पोरं वाढवलेली बाई. थोरली मनाली पुण्यात मोठ्या कंपनीत. सुयश बोलायला कमी. साखरपुड्यात अंगठी घालताना तो अंजलीला फक्त "घट्ट होतेय का?" एवढंच म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. पण नंतर रोज फोन असायचा, आणि नवनाथ मुद्दाम दाराशी खोकून आत यायचे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी नवनाथ कामावर निघाले. डबा भरून तयार होता. बूट घालायला वाकले, छातीत कळ आली, आणि तिथंच भिंतीला टेकून गेले. अंजली त्यांच्या हाताची नाडी धरून बसली होती. रोज दुसऱ्यांच्या हातांत सुया टोचणाऱ्या त्या मुलीला नाडी थांबलेली कळली, पण ती हात सोडेना.

त्या दिवसापासून अंजली रडली नव्हती. आल्यागेल्याला पाणी दिलं, दाखल्यासाठी कचेरीत जाऊन आली, विहारातून भन्तेजींना बोलावून जलदान विधी नीट पार पाडला. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मला मात्र तिची काळजी वाटत होती. भरलेला डबा तिनं कुणाला उघडू दिला नव्हता. फडताळात पिठाच्या डब्यामागं तो तसाच ढकलून ठेवला होता.

विधीला चांदवडची मंडळी आली होती. पण गर्दी एवढी, की सुयश आणि अंजली एकमेकांशी बोललेही नाहीत. परतीची गाडी गाठायची म्हणून ती माणसं न जेवता निघाली. शेजारच्या शकुबाईनं ते बरोबर टिपलं.

"जेवले बी नाय गं तुझे सोयरे," ती विमलाबाईंना म्हणाली. "मनात काय तरी हाय बघ. आता बिनबापाचं घर झालं. लोकांचं मन फिरायला काय लागतं?"

ते वाक्य विमलाबाईंच्या काळजात जाऊन बसलं. सुयशचे फोनही कमी झाले होते. करायचा, "जेवलीस का?" विचारायचा, आणि मग दोन्हीकडं नुसता श्वास. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं. गणित शिकवणारा माणूस, उत्तर नसलेल्या ठिकाणी गडबडून जायचा. अंजलीला वाटायचं, हा दूर सरकतोय.

अशात एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला. अंजली लॅबमध्ये होती. विमलाबाईंनी एका हातानं फोन कानाला लावला, दुसऱ्या हातानं कुकरखालचा गॅस बारीक करायला गेल्या, आणि नेमकी शिट्टी झाली. पलीकडं मनाली होती, पुण्याहून, चालत्या गाडीतून बोलणारी.

"काकू, आम्ही सगळे रविवारी येतोय, अंजलीला कन्सोल करायला. आई म्हणाली हे फोनवर नको, घरी जाऊनच करायचं. आणि तुम्ही काही करत बसू नका हं, चहासुद्धा टाकू नका."

मी! एवढ्या वर्षांनी नाशकातल्या एका घरात कुणीतरी मला पाठवलं होतं, आणि तेही खऱ्या कामासाठी. मला कोण आनंद झाला! मी त्या फोनमधून अक्षरशः उडी मारली.

विमलाबाईंच्या कानांनी मला पकडलंही जवळजवळ बरोबर. पण डोक्यानं घात केला. कन्सोल म्हणजे तर यांचं टेबल. टेबल कसं 'करतील'? आणि अंजलीला कसं करतील? आपण चुकीचं ऐकलं. बाई दुसरंच काही म्हणाली. फोनवर नको म्हणाली, घरी येऊनच करू म्हणाली, चहा टाकू नका म्हणाली. ज्या घराचा चहासुद्धा नको, त्या घरात लोक कशाला येतात? आणि मग त्यांना तो शब्द सापडला, जो कुणालाही समजतो.

त्यांनी परत विचारलं नाही. असली गोष्ट कोणती आई दोनदा विचारेल? "बरं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी अंजली आली. दाराशी चपला काढत होती.

"सुयशच्या बहिणीचा फोन आलता."

"काय म्हणाल्या?"

"रविवारी येत्यात समदे. कॅन्सल करायला."

अंजलीनं दुसरी चप्पल काढली, पहिलीशेजारी नीट लावली. "असं म्हणाल्या?"

"असंच."

मी तिथं जीव तोडून ओरडत होतो. अगं माये, तो मी होतो! पण शब्दाला स्वतःचं तोंड नसतं. कुणीतरी उसनं द्यावं लागतं, आणि त्या घरात त्या वेळी कुणाकडं ते नव्हतं.

तेवढ्यात सुयशचा मेसेज आला. 'रविवारी येतोय. फोनवर मला जमणार नाही. समोरच बोलू.' बिचाऱ्यानं किती खोडून, किती वेळा लिहून तो पाठवला असेल. अंजलीनं वाचला आणि फोन उशीखाली सरकवला. तिच्या मनात कुठंतरी आशा होती, की आईनं चुकीचं ऐकलं असेल. ती त्या मेसेजनं संपली.

"आपण विचारू या का?" विमलाबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"नको. ज्याला नको असेल त्याला काय विचारायचं?"

"तुजे पप्पा असते तर त्यांनी लावला असता फोन."

"पप्पा असते तर हे झालंच नसतं, आई."

मग तिनं कपाटातून साखरपुड्याची मोरपंखी साडी काढली. घडी मोडली, परत घातली, परत मोडली. साडीला घरातल्या कपाटाचा, डांबरगोळ्यांचा वास लागला होता, तो जावा म्हणून थोडा वेळ दोरीवर टाकली. दुसऱ्याची वस्तू आपला वास घेऊन परत जाऊ नये, असं तिला वाटत होतं. अंगठी निघेना. साबण लावून, बोट लाल करून काढली. ते बघताना मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं रोमन साम्राज्य बुडालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

साडी दोरीवर दिसली आणि शकुबाई आलीच. विमलाबाईंनी सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीत सगळ्यांना कळलं होतं, की नवनाथच्या पोरीचं कॅन्सल झालं. कॅन्सल किती झरझर फिरतो, हे मी तेव्हा परत एकदा पाहिलं.

रविवारी दुपारी गाडी दारात थांबली. पुढं भागुबाई, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. दुःखाच्या घरी चूल पेटवायचे कष्ट नकोत म्हणून सोयऱ्यांनी आपल्या घरून रांधून न्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणून तर मनाली चहासुद्धा नको म्हणाली होती. मागं मनाली. सगळ्यात मागं सुयश, उंबऱ्यापाशीच घुटमळणारा.

"जयभीम," विमलाबाई म्हणाल्या. "बसा." पाणी दिलं. आणि कुणाला तोंड उघडू न देता त्यांनी कोपऱ्यातली पिशवी भागुबाईंपुढं सरकवली.

"घ्या. तुमची वस्तू."

"ही काय?"

"साडी हाय. अंगठी आतल्या डबीत हाय. बघून घ्या."

भागुबाईंनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हंजी... तुमी मोडू ऱ्हायल्या, विहीणबाई?"

"आमी?" विमलाबाईंचा आवाज फाटला. "आमी कशाला मोडू? माजा माणूस गेला म्हणून तुमीच मोडू ऱ्हायले ना? तुमच्या मनालीनंच फोन करून सांगितलं, कॅन्सल करायला येतो म्हणून!"

"मी?" मनाली उभीच राहिली. "मी असं कधी म्हटलं?"

"शुक्रवारी. घरी येऊनच करू, चहा बी टाकू नका."

मनालीनं क्षणभर आठवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी 'कन्सोल' म्हटलं, काकू! अंजलीला कन्सोल करायला!"

"कन्सोल तर आमच्या मालकांचं टेबल."

"टेबल?"

"कामावरचं. त्येला कसं करायला येणार तुमी?"

आता मनालीवर मला मराठीत सांगायची पाळी आली. दिवसभर इंग्रजीत काम करणारी मुलगी ती. "म्हणजे कन्सोल करणं म्हणजे... कुणाला वाईट वाटत असेल ना, तर आपण जाऊन त्याला..." तिचा हात हवेत गोल फिरत राहिला. शब्द येईना. मी लाजेनं चूर.

"सांत्वन," सुयश दारातून म्हणाला. त्या घरात आल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द.

"अगं मंग दारावर बसायला येतो असं सरळ सांगायचं!" भागुबाई लेकीवर कडाडल्या. "एवढं इंग्रजी फाडायला कुणी सांगितलं व्हतं तुला? दोन दिस ह्या घरावर काय गुजरलं आसल!" मग त्या बसल्या जागेवरून सरकत विमलाबाईंपाशी गेल्या आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. "विहीणबाई, माजा मालक गेला तवा ही दोगं शाळेत व्हती. बिनबापाची पोरं माज्या घरात वाढली, आन मी बिनबापाची पोर नाकारीन व्हय?"

विमलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. "टेबल करायला येत्यात, असं वाटलं हो मला!" म्हणाल्या, आणि पोट धरून हसल्या. भागुबाई हसल्या, मनाली हसली. नवनाथ गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसत होतं. हसता हसता विमलाबाई रडायला लागल्या, आणि भागुबाईंनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

अंजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती हसलीही नाही आणि पुढंही आली नाही. वळून आत गेली. सुयशनं आईकडं बघितलं. भागुबाईंनी नुसती मान हलवली, जा म्हणून.

आत अंजली फडताळासमोर उभी होती.

"मला काय बोलावं ते सुचत नव्हतं," सुयश म्हणाला. "गाडीत काहीबाही पाठ केलं होतं. विसरलो सगळं."

अंजलीनं पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि तो डबा काढून ओट्यावर ठेवला. "पप्पांचा," म्हणाली. "त्या दिवशीचा. मला उघडवत नाही. टाकवतपण नाही."

सुयशनं बाह्या दुमडल्या. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते जोर लावून काढलं. घाण वास स्वयंपाकघरभर पसरला. तो नाकाला हात न लावता खिडकीकडं वळला, ती उघडली, आतलं सगळं कागदात काढलं, आणि नळाखाली डबा धरून घासणीनं घासायला लागला. वाटीच्या कडेला चिकटलेलं मेथीचं पान निघेना, ते नखानं काढलं.

वास बाहेर गेला तशा विमलाबाई धावत आल्या. "अहो जावई, राहू द्या! तुमी कशाला..."

"असू द्या, आई," तो म्हणाला आणि घासत राहिला.

त्यानं स्वच्छ डबा अंजलीच्या हातात दिला. ती तो ओढणीनं पुसायला लागली. पुसता पुसता खाली बसली, डबा छातीशी धरला, आणि "पप्पा" म्हणून जी रडली, की बाहेर शकुबाईच्या दारापर्यंत ऐकू गेलं. सुयश तिच्याशेजारी फरशीवर बसला. ओल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मग तिनंच त्यातला एक धरला.

मी तेव्हा बाहेरच्या खोलीत होतो, पिशवीपाशी. आत चाललं होतं त्याला माझं नाव आहे, असं सगळे शब्दकोश सांगतात. पण मला कुणी आत बोलावलं नाही. त्यांना माझी गरजच नव्हती. आनंद झाला मला, खोटं नाही सांगत. आणि तेवढाच एकटा पडलो.

वैशाखात कॉलनीतल्या विहारात लग्न झालं. अंजली चांदवडला गेली, तिथल्याच एका लॅबमध्ये लागली. विमलाबाई एकट्या राहतात. लेक सकाळी-संध्याकाळी फोन करते, पण शिफ्ट सुटायच्या सुमाराला त्यांचं लक्ष अजून दाराकडं जातं. मी बघतो ना. वाट बघणाऱ्याला वाट बघणारा लगेच ओळखू येतो.

माझं मात्र त्या कॉलनीत बस्तान बसलंय. टेबलाची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाकडं दुःख झालं, की बायका म्हणतात, "जरा कन्सोल करून येते." कुणी कन्सल म्हणतं, कुणी कनसोळ. एका आईनं तर नापास झालेल्या पोराला भजी देऊन कन्सोल केलं. चालतं मला. तुम्हालाही एवढीच विनंती आहे, की उच्चार चुकेल म्हणून मला बाजूला ठेवू नका. वाकडा बोला, तिकडा बोला, पण नुसतं बोलून घरी थांबू नका.

परवा शकुबाईचे मालक गेले. याच शकुबाईनं अंजलीचं मोडलं म्हणून दारोदार सांगितलं होतं, त्यामुळं विमलाबाई जाणार नाहीत असा कॉलनीचा अंदाज होता. गर्दी ओसरल्यावर दुपारी विमलाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. शकुबाई कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. विमलाबाई तिच्यापाशी खाली बसल्या.

"शकू, मी तुला कन्सोल करायला आले."

इंग्रजीत मला असं तोंडावर कुणी म्हणत नाही. 'तिनं त्याला कन्सोल केलं' असं मागाहून, तिसऱ्याच कुणाला सांगतात. ज्याचं माणूस गेलंय त्याच्यापाशी बसून, त्यालाच मला आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. 

शकुबाईनं डोकं वर केलं. "म्हंजी काय गं?"

"म्हंजी काय नाय," विमलाबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकल्या. "बसते."